लिंडसे कधी कुणाला विसरला नाही

नाही रे बाबा, वेडीबिडी नाहीये मी. गाऊन आणि सपाता बघून तुला वाटलं असेल, म्हातारी कुठूनतरी पळून आलीय — कुठून पळणार, दोन्हीकडे नुसती खुरटी झुडपं आणि मधे हा एक रस्ता. बस की. टेबल सरकारचं आहे, माझ्या बापाचं नाही. माशा तेवढ्या माझ्या, सकाळपासून सांभाळतेय. हसतोस? हस, हसण्यासारखंच आहे. माझा नवरा मला इथे विसरून गेला. खरंच सांगते. आम्ही पहाटे निघतो, कांगारू रस्त्यावरून हटले की लगेच, आणि पहिला तासभर मी गाडीतच मागे पलंगावर झोपलेली असते — बेल्ट न लावता, हो, माहितीये, दंड आहे, तू काही पोलीस नाहीस. तर इथे त्याने गाडी थांबवली, पाय मोकळे करायला असेल, मला जाग आली, मी मागच्या दाराने उतरले, त्या संडासात गेले, आणि बाहेर आले तर गाडीचा मागचा दिवा दिसला मला. लांब. एवढासा. मी हात केला. हाका मारल्या नाहीत, गाऊनमध्ये कुठे ओरडायचं.

हे सगळ्यांचं होतं, विचार कुणालाही. टास्मानियाची एक बाई होती, तिचा नवरा तिला पेट्रोल पंपावर ठेवून दोनशे किलोमीटर गेला, मागे न बघताच गप्पा मारतोय आणि उत्तर येत नाही तर म्हणे रुसली असेल. तिने स्वतः सांगितलं, सगळे पोट धरून हसले. आमचाही लिंडसे तसाच येईल परत, मान खाली घालून. आणि त्याला मी असं टाकून बोलणार आहे — एकतीस वर्षं शाळेची बस चालवली ना त्याने, तिकडे गव्हाच्या मुलखात, आमच्या गावापासून शेताशेतांवर फिरत. सकाळी चाळीस किलोमीटर, संध्याकाळी चाळीस. बस हलवायच्या आधी मागे वळायचा आणि बोटाने मोजायचा, एकेक डोकं. एकतीस वर्षांत एक पोर मागे राहिलं नाही. एक नाही. आणि बायको राहिली. तू पश्चिमेकडून आलास ना? पांढरी मोटरहोम, बाजूला निळी पट्टी, मागे दोन खुर्च्या बांधलेल्या. दिसली नाही? नीट आठव. बरं.

चूक माझीच आहे खरं तर. आमच्यात ठरलेलं आहे, गाडीतून उतरायचं तर लाल फडकं स्टिअरिंगला बांधायचं. फडकं असेल तर गाडी हलवायची नाही, साधी गोष्ट. मी अर्धवट झोपेत, राहून गेलं. माझ्यामुळेच झालं, त्याला कशाला बोल लावा.

केव्हापासून म्हणजे — झाला थोडा वेळ. सव्वासहा झाले असतील. हो, आता अकरा वाजतात, मला घड्याळ कळतं. नको, सँडविच नको, तुझं तू खा, तुला अजून केवढं जायचंय. काल रात्री इतकं जेवलोय आम्ही — पुढे राज्याच्या सीमेवर किडीच्या भीतीनं भाज्या काढून घेतात ना, फळंसुद्धा, मध पण, तेव्हा सगळं संपवायचं म्हणून बटाटे, गाजरं, भोपळा, सगळं एका भांड्यात घातलं. कचऱ्यात कशाला जाऊ द्यायचं. त्या चौकीपाशी तू थांबला असशील चहाला. रांगेत होत्या का गाड्या? म्हणजे पांढऱ्या? एकच? पिवळी पट्टी. नाही, ती आमची नाही.

तीन गाड्या थांबल्या तुझ्या आधी. एक तर चांगलं जोडपं होतं, तिनं मला केकसुद्धा दिला. मी सांगितलं, नवरा कड्यावर फोटो काढायला गेलाय, गाडी घेऊनच गेलाय, येईल. पटलं त्यांना. असं काहीतरी तयार ठेवावं लागतं मला, जिभेवर. तुला का खरं सांगितलं कुणास ठाऊक. तू आलास तेव्हा माझं तयार वाक्य संपलेलं होतं बहुतेक.

काय विचारलंस? विसरतो का — सगळेच विसरतात रे सत्तरीनंतर. मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवते. तुला माहितीये ना, संध्याकाळी पाच वाजता कुठल्याही मुक्कामावर आम्ही म्हातारे खुर्च्या बाहेर काढतो, ज्याने त्याने आपापला ग्लास आणायचा, गोल बसायचं. तिथे लिंडसे राजा असतो. पुराची गोष्ट सांगतो, नाल्याला पाणी आलं आणि त्याने अकरा मुलांना शिडीवरून बसच्या टपावर चढवलं, आणि टपावर बसून त्यांना पाढे म्हणायला लावले, म्हणजे रडणार नाहीत. खरी गोष्ट आहे, मी साक्षीदार, मी किनाऱ्यावर उभी होते, आमची मुलगी, जोडी, त्या अकरांत होती. लोक ऐकतच राहतात. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो तीच सांगतो. ते हसतात, चांगली माणसं असतात. मग त्याच संध्याकाळी पुन्हा सांगतो, पहिल्यापासून, आणि बायका आपल्या ग्लासात बघायला लागतात. तेव्हा मी रात्री सामान आवरते. सकाळी निघायचं. नवा मुक्काम, नव्या खुर्च्या, आणि तिथे कुणी ती गोष्ट ऐकलेली नसते. असं आमचं चाललंय गेले चौदा महिने. लोक म्हणतात, किती फिरता तुम्ही, काय उत्साह या वयात. उत्साह कसला डोंबलाचा. मला दोन दिवसांच्या वर कुठे राहताच येत नाही.

जोडीला? नाही, मुलीला काही माहीत नाही. दर रविवारी फोन करते, मी तो स्पीकरवर ठेवते आणि शेजारी बसून लिंडसेला ओठांनी सांगते, नातीचं नाव, तिची परीक्षा कधी, जावयाचा गुडघा. तो हुशार आहे, पटकन उचलतो. ती म्हणते, बाबा किती मजेत वाटतात. परवा फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "बाई छान बोलत होती. कुठली?" मी म्हटलं, बेंडिगोची.

घर आहे कुठे परत जायला? विकलं ना. या गाडीसाठीच विकलं, सगळे असंच करतात, आयुष्यभर गवत कापलं आता फिरू. घराच्या कागदांवर सोमवारी सह्या झाल्या आणि गुरुवारी डॉक्टरकडे गेलो, सहज, त्याच्या कानाला दडे बसायचे म्हणून. त्या डॉक्टरबाईनं त्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं कागदावर. अकरा वाजून दहा मिनिटं. लिंडसेनं इतकं सुंदर वर्तुळ काढलं, आणि आकडे सगळे एका बाजूला. ती मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, यांना गाडी चालवू देऊ नका, हा कागद लायसन्सच्या ऑफिसला पाठवा. मला दिला तो कागद. विश्वासाने दिला रे. चमच्यांच्या खणात आहे, अंथरलेल्या पेपराच्या खाली.

येते की. मला चालवता येते गाडी. हेच विचारणार होतास ना? सगळ्यांना सांगते, बाई गं, एवढं धूड मला नाही झेपायचं — खोटं आहे. मी ट्रॅक्टर चालवलाय, गव्हाचा ट्रक चालवलाय. मी त्याला चालवू देते. कारण — कसं सांगू तुला. सकाळी उठतो तेव्हा मोजे कुठल्या पायाचे यावर अडतो. चहा झाला की नाही मला विचारतो, कप हातात धरून. आणि मग स्टिअरिंगमागे बसतो, आरसा ठीक करतो, आणि तो परत येतो. खांदे, मान, सगळं. मी शेजारी बसले तर म्हणतो, "नोएलीन, पाय खाली घे, काच मळते." नावाने हाक मारतो. दिवसभरात तेवढीच जागा उरलीय जिथे मला नाव आहे. मग किल्ल्या कशा काढून घेऊ? तू घेतल्या असत्यास? असशील, तू शहाणा दिसतोस.

आणि ऐक, आता तोंड उघडलंच आहे तर. पंधरवड्यापूर्वी, तिकडे खाडीच्या वळणावर, आमची गाडी हळूहळू पलीकडच्या बाजूला गेली. तो शीळ घालत होता. समोरून एक छोटी निळी गाडी आली, बाई होती, मागे लहान मुलांच्या दोन खुर्च्या. ती खडीत उतरली, गोल फिरली आणि धुळीत उभी राहिली. उलटली नाही. मी आरशात बघितलं, उलटली नव्हती. लिंडसे म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पुढे चल. थांबले नाही मी. एका शाळेच्या बसवाल्याची बायको आहे मी, आणि थांबले नाही. त्या रात्री ठरवलं की उद्यापासून आपण चालवायची, आणि सकाळी त्याने आरसा ठीक केला आणि म्हणाला, "बसलीस का गं?" झालं. बसले.

अरे, बघू नकोस असा माझ्याकडे.

फडकं मी बांधलं होतं. हे बघ, हे. खिशातच आहे. अर्धवट झोपेत नव्हते मी, चांगली दुहेरी गाठ मारली होती, चौदा महिन्यांत एकदाही विसरले नाही. संडासातून आले तर ते तिथे जमिनीवर पडलं होतं, टायरच्या खुणेपाशी. म्हणजे त्याने बघितलं. बसला, बघितलं, सोडलं, आणि खिडकीतून खाली टाकलं. कुणीतरी हे घाण फडकं माझ्या स्टिअरिंगला का बांधलंय, असंच वाटलं असेल त्याला. पाच तास मी तेच हातात चुरगळतेय आणि तुला सांगतेय की राहून गेलं.

आणि तू पश्चिमेकडून आलास. एकच रस्ता आहे, डॅरिल — डॅरिलच म्हणालास ना? एकच रस्ता, सीमेपर्यंत एक वळणसुद्धा नाही, आणि तुला तो दिसला नाही. मग तो रस्त्यावर नाहीये. डावीकडे कड्यांकडे जायच्या त्या पांढऱ्या वाटा आहेत ना, पाटी नाही, कठडा नाही, जमीन संपते आणि खाली समुद्र. तू बसल्यापासून मला ते माहितीये. तू 'दिसली नाही' म्हणालास तेव्हाच कळलं. पण एकदा बोलायला लागलं की माणूस बोलत राहतं.

रेडिओ? एकमेकांशी बोलायचा तो? आमच्या गाडीत आहे, चालू असतो कायम. तुझ्या ट्रकवरून पोचेल? वीस किलोमीटर, फार तर. नाही पोचणार. चालेल, लाव, मला वर चढव, हात दे. चाळीस नंबरच्या चॅनेलवर नको, तिथे तुम्ही ट्रकवाले शिव्या देत असता, अठरावर लाव, आम्ही सगळे म्हातारे अठरावर असतो. हे दाबायचं? थांब. मी थांब्यावर बसलेय असं सांगून काय उपयोग, कुठला थांबा ते त्याला कुठे कळणार. त्याला वाटतंय मी मागे झोपलेय. वाटत असेल तर. नसेल तर — नको, ते नको.

"लिंडसे. लिन. मी बोलतेय, नोएलीन. उठले मी. इथेच मागे आहे, पलंगावर. जरा गाडी उभी कर ना बाजूला. आहेस तिथेच, पुढे नको जाऊ. ब्रेक ओढ आणि बसून राहा, मी चहा टाकते. ऐकलंस का? लिन."

बटण सोडलंय ना मी? हो, सोडलंय. नुसतं खरखरतंय. पुन्हा एकदा — "लिन, मी मागेच आहे."

थांब थोडं.

थोडं अजून.

बरं. बंद कर. कागद आहे का तुझ्याकडे? गाडीचा नंबर लिहून घे, व्हिक्टोरियाची पाटी, आणि पुढच्या पंपावरून पोलिसांना फोन कर, इथे रेंज नाही. हो, मीच सांगतेय. सापडला तर लायसन्स जाईल, जोडी येईल, त्याला कुठेतरी ठेवतील जिथे दारं बाहेरून बंद होतात, आणि मी कुठल्यातरी खोलीत, सगळं जाणारच आहे, ते काय मला कळत नाही? पाच तास मी सांगून टाकावं की वाट बघावी, या दोन गोष्टी तोलत बसले आणि इतक्यात तिसरीच झाली असेल. लिहिलंस? वाचून दाखव. आठ नाही, तीन. चूक माझी नाही, तुझ्या कानांची.

मी येत नाही तुझ्याबरोबर. नको, आग्रह करू नकोस. सावली आहे, टाकीला पाणी आहे. मला खाली उतरव. ट्रक जपून काढ, त्या खडीवर चाक घसरतं. जा आता, जा, मला बोलायला लावू नकोस.