कोरडीबाईला तेल नाही

ऐका गं बायांनो, पोरांनो, ऐका. आणि हुंकार देत राहा. गप्प बसलात तर मला वाटेल तुमच्याऐवजी दुसरंच कुणी ऐकतंय.

आसनघाट तुम्हाला माहीत आहे. उतरताना डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला दरी. सातवं वळण कोरडीबाईचं. बाळंतपणात तेलपाण्याविना मेलेली बाई ती, असं म्हणतात. केस वाळक्या गवतासारखे. ती गाडीचं पुढचं डावं चाक धरते आणि गाडी दरीत लोटते. म्हणून घाटमाथ्यावर थांबायचं, त्या चाकाच्या भोकांतून वाटीभर तेल आत सोडायचं आणि मागं न बघता निघायचं. आमच्या गावात सगळे करतात. माझा दीरही करायचा. आणि दीर तिथंच गेला, बरं का! तेल घालून गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. दिवे लागून गेलेले. पिकअपमध्ये झेंडू भरलेला, पहाटे बाजार गाठायचा. आमचे हे गाडी चालवत होते, शेजारी मी, मांडीवर राणू, सहा महिन्यांची. मला मेलीला आधीच धाकधूक फार. पोर झोपली तरी श्वास चाललाय का म्हणून नाकाशी बोट धरते. हसू नका! तुम्हीही धरलं असेल.

निघताना सासूबाईंनी तेलाची बाटली दिली. "यंदा दोन वाट्या घाल रे. पोर हाय गाडीत." घाटमाथ्यावर ह्यांनी दोन वाट्या घातल्या. मागं न बघता निघालो.

पहिलं वळण. ब्रेक मारला, गाडी जराशी उजवीकडं. दुसरं वळण, अजून जरा. तिसऱ्याला चाकातून आवाज आला, ईईई, बाई रडावी तसा. चौथ्याला स्टिअरिंगनं ह्यांच्या हाताला हिसका दिला. आणि पाचव्याला? कठड्याचा दगड उडाला! तो खाली पडल्याचा आवाज ऐकायला मी कान लावून बसले. आलाच नाही.

सहावं वळण सरल्यावर ह्यांनी कशीबशी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. पुढं सातवं. दिव्याच्या उजेडात रस्त्यात ती उभी! सुटे केस, ओठ फुटलेले, हात पसरलेला.

"तेल."

"दोन वाट्यांनी भागलं नाही तिचं," हे म्हणाले आणि बाटली घेऊन उतरायला लागले. पण ऐका, माझी शाळा सातवीला सुटली ती मी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गॅरेजात बसले. चार वर्षं पाने हातात दिले त्यांच्या. अण्णा म्हणायचे, ब्रेक मारल्यावर गाडी ज्या बाजूला जाते, ते चाक बहुधा काम करतंय. आधी दुसरं बघ.

राणूला ह्यांच्याकडं दिलं आणि मी उतरले. उजव्या चाकाजवळ हात नेला, तव्यासारखं तापलेलं! डावं चाक? गार.

"अहो, हिनं धरलं नाही डावं चाक. ते थांबतच नाहीये! उजवं एकटं थांबवतंय, म्हणून गाडी उजवीकडं, दरीकडं जाते. तुमचं तेल आत ब्रेकवर गेलंय."

"काय बोलतीस! पिढ्यान्‌पिढ्या घालतात."

"आणि पिढ्यान्‌पिढ्या पडतात. भावजी तेल घालूनच गेले ना? एसटी रोज दोनदा उतरते, तिला कोण तेल घालतं?"

ह्यांनी बाटली खाली ठेवली. आणि समोरची बाई दिसेनाशी झाली. बरं वाटलं? मला नाही वाटलं. दिसत होती तेच बरं होतं.

चाकांना दगड लावले, जॅक लावला, डावं चाक काढलं. आतली लोखंडी चकती तेलानं आरशासारखी चमकत होती. तेवढ्यात दरीतून आवाज. "ऊंऽऽ ऊंऽऽ." राणूचं रडणं! धावणारच होते. पण राणू तर गाडीत, ह्यांच्या खांद्यावर झोपलेली.

म्हणजे ही आवाज चोरते!

मी काचेला तोंड लावलं आणि अगदी हळू सांगितलं, "आता मी चकतीला धरणारी ब्रेकची पकड खोलणार आहे. खोललेली असताना पायडलला पाय लागला तर आतला दट्ट्या उडेल, ब्रेकऑइल सगळं रस्त्यावर, मग ब्रेक मिळणार नाही. मी अहो म्हटलं तर ऐकू नका. तुमचं नाव घेऊन हाक मारेन, तेव्हाच पाय मारा." लग्नाला तीन वर्षं झाली होती. उखाण्यातसुद्धा मी चुकवलं होतं नाव. कोरडीला ते कुठून ठाऊक असणार?

दोन बोल्ट सोडले, पकड उचलली, चकतीवर घासणारे पॅड काढले. दोन्ही तेलात भिजलेले. आणि माझ्या पाठीमागून माझाच आवाज, "अहो! झालं! मारा पाय!"

मी तोंडही उघडलं नव्हतं. काचेतून ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचे दोन्ही पाय सीटवर, वर घेतलेले!

राणूची धुतलेली दुपटी, भांड्यांचा साबण, प्यायचं पाणी, गाडीत होतं नव्हतं ते काढलं. चकती घासली, पुन्हा घासली. पॅड कातळावर घासले, वरचा तेलकट थर जाईतो. नखं गेली माझी. मग मानेवर गार श्वास. "पोरीच्या टाळूवर तेल आहे. तेवढं चाटू दे."

बायांनो, तोवर मी घाबरले होते. त्यानंतर नाही घाबरले.

"चाटून तर बघ!" मी पाना उगारला. "तू तेलाविना मेलीस, वाईट झालं. पण माझ्या दिराला खाल्लंस तू. आजपासून थेंब नाही! जा, कुणाला मागायचं त्याला माग!"

पकड बसवली, बोल्ट आवळले, चाक चढवलं, आणि घाट दणाणून सोडला. "दौलत! दौलत, मारा पाय!"

ह्यांनी चार-पाचदा पाय मारला, पायडल घट्ट झालं. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीनं सातवं वळण घेतलं. केस काचेवर सळसळले. ह्यांनी ब्रेक मारला. गाडी सरळ उभी राहिली! दरी चार बोटांवर, पण सरळ. मागं कुणीतरी "तेल, तेल" करत राहिलं, आणि आम्ही उतरलो.

सकाळी खाली गॅरेजात अण्णांनी पॅड नवे टाकले. "तेल प्यायलेल्या पॅडवर भरवसा नसतो, पोरी," म्हणाले. "जीव वाचला एवढं बस."

त्या वाटेनं जाऊ नका, असं सांगतात ना गोष्ट संपताना? मी नाही सांगणार. रस्ता आपला आहे, जा. पण चाकाला तेल घालायचं नाही. कुणी मागितलं तरी नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. भुताचं ऐकून घेतलं त्यांनी. मग डोळे वटारले. "आणि नवऱ्याचं नाव घेतलंस? रस्त्यात? ओरडून?"

घेतलं. अजून घेते. सातवं वळण आलं की काच खाली करते आणि घेते.