जादा पानाचं नाणं

बायको: ती वाटी आधी टेबलावरून उचला. नेलपॉलिश पुसायचं ते पाणी सांडलं तर डाग मी घासत बसायचे.

नवरा: ॲसिटोन म्हणतात त्याला. आणि नाणं त्यात बुडवल्याशिवाय तुझ्या अंगठ्याचा ठसा निघायचा नाही. सेक्रेटरी, तुम्हीच सांगा हिला.

सेक्रेटरी: भाऊ, मी पाकीट न्यायला आलोय. आपल्या नाणेसंग्राहक मंडळातल्या सगळ्यांची नाणी आज दर्जा ठरवायला एकत्रच ग्रेडिंगला जायची आहेत.

नवरा: जातील. हे जादा पानाचं नाणं आहे, असं दुसरं अजून कुणाकडे निघालेलं नाही. आणि ऐन दर्शनी बाजूवर हिचा ठसा. किती वेळा सांगितलं, कडेला धर, हात पुसून धर. ऐकेल तर शपथ.

सेक्रेटरी: बघू, भिंग द्या. हा ठसा धातूत उतरलाय, भाऊ. ॲसिटोनने वरचं तेल जातं, हा जायचा नाही. चोळलंत तर ‘घासलेलं नाणं’ असा शेरा मारून परत पाठवतील. मग ग्रेड विसरा.

नवरा: म्हणजे हिने वाटोळं केलं ते केलंच.

बायको: मी केलं?

नवरा: मग कुणी? औषधाच्या दुकानात दिवसभर मलमं हाताळायची आणि तोच हात नाण्यावर. मिळालं त्याच दिवशी सत्यानाश.

सेक्रेटरी: त्याच दिवशी?

नवरा: हो, त्याच दिवशी.

सेक्रेटरी: पण मंडळाच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की बँकेतून सीलबंद पिशवी आणली, घरी फोडली, एकेक नाणं भिंगाखाली पाहिलं. ‘माझ्याखेरीज कुणाचाही हात याला लागलेला नाही.’ छापायला मीच दिलं होतं.

नवरा: लेखात जरा तसं लिहावं लागतं.

बायको: असं लिहिलंय होय? मला कधी वाचून दाखवलं नाहीत.

नवरा: तुला काय कळणार त्यातलं.

बायको: बरोबर, मला काय कळणार. सेक्रेटरी, बसा खाली. गल्ल्यावर मी असायचे. एका म्हाताऱ्याने खोकल्याच्या औषधाचे सुटे दिले. खोटी नाणी फार यायची, म्हणून मालकाची ताकीद होती, प्रत्येक नाण्यावरून अंगठा फिरवायचा. फिरवला, तर चित्रातल्या देठापाशी खरखरीत लागलं. उजेडात धरलं. एरवी दोन पानं असतात, इथे तीन. पर्समधलं माझं नाणं गल्ल्यात टाकलं आणि हे घरी आणलं. तर हे म्हणाले, ठोकताना काही बिनसलं असेल, फेकून दे.

नवरा: फेकून दे म्हणालो नव्हतो.

बायको: खर्चून टाक म्हणालात. तेवढाच फरक.

नवरा: आणि पुढे पुस्तकं कुणी चाळली? हे पान साच्यातच कोरलेलं आहे हे कुणी दाखवून दिलं? नुसतं सापडलं म्हणजे शोध होत नाही. रस्त्यातल्या दगडाची ठेच कुणालाही लागते.

बायको: मग माझी ठेच स्वतःच्या पायाला बांधून का मिरवलीत इतकी वर्षं?

सेक्रेटरी: वहिनी, भाऊ, माझी एक अडचण झालीय. नवा प्रकार म्हणून नोंद व्हायची तर शोधणाऱ्याचं नाव लागतं. या अर्जावर भाऊंचं आहे. आणि खाली साक्षीला माझी सही.

नवरा: मग करा.

सेक्रेटरी: आता कशी करू? हे ऐकलं नसतं तर केली असती.

नवरा: वा. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन माझ्यावरच उलटा.

बायको: चहा मी करते. आणि मंडळाच्या जेवणात, चारचौघांत, ‘आमची ही अंगठाबहाद्दर’ म्हणालात, तेव्हाही वाढत मीच होते. सगळे हसले. सेक्रेटरी, तुम्हीही.

सेक्रेटरी: हसलो खरा.

नवरा: चेष्टा होती ती.

बायको: तुमची असेल. मी त्या रात्री जेवले नाही, हे तुमच्या लक्षातही आलं नाही. आता माझं ऐका. जाईल तर अंगठ्यासकट जाईल आणि खऱ्या नावाने जाईल. नाहीतर उद्या या नाण्याचं मी खोकल्याचं औषध आणते. खर्चून टाक म्हणाला होतात ना?

नवरा: तुझी हिंमत नाही.

बायको: दुकान कोपऱ्यावरच आहे. आणि नाणं माझं आहे, माझं नाणं गल्ल्यात टाकून आणलंय.

सेक्रेटरी: भाऊ, काय करू?

नवरा: खोडा. खोडा माझं नाव. मंडळात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही हिने.

सेक्रेटरी: खोडलं. वहिनी, तुमचं पूर्ण नाव सांगा. इतकी वर्षं येतोय, कधी विचारलंच नाही.

बायको: त्यांना माहीत आहे. त्यांनाच लिहू दे.

(नवरा पेनाचं टोपण काढतो.)

बायको: थांबा. आधी हात पुसा.