बाजूला ठेवलेले उत्तर

मंडळी, मी विष्णू भिकाजी परब. वय एक्याऐंशी वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार वालावल. मयत शेवंती ही माझी सख्खी धाकटी बहीण. आपण सर्व तिच्यासाठी जमलात. बोलणे मला कठीण जात आहे. तरी जे सांगेन ते खरे सांगेन. खोटे एकदा सांगून झाले आहे.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातून एक मुलगी आमच्या पडवीत आली. गावोगावच्या बोलीतला फरक ती संगणकावर मोजत होती. चित्र दाखवायची आणि विचारायची, याला काय म्हणता? आम्ही आठ जण बसलो होतो. मुलाचे चित्र आले. मी म्हणालो, "मुलगा." माझ्यामागून सहा जण म्हणाले, "मुलगा." शेवंती म्हणाली, "झील."

वर मलाच म्हणाली, "घरात माका-तुका करतंस, आणि ह्या चेडवाफुडे मला-तुला? कोर्टात इलंस काय रे दादा?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

नंतर मुलीने मला एकट्याला विचारले. आजींची उत्तरे बाकी कोणाशीच जुळत नाहीत. गणितात घ्यावी की बाजूला ठेवावी? मी म्हणालो, "ती अडाणी आहे. तिचे धरू नका."

शेवंती दारात चहा घेऊन उभी होती.

नकाशा छापून आला. आमच्या गावावर प्रमाण मराठीचा ठिपका. ज्या गावात घरी कोणी 'कुठे' म्हणत नाही, त्या गावावर. गणित चुकले नव्हते, मंडळी. आम्ही चुकीचे सांगितले. आठांत एक खरे बोलली, आणि तिलाच मी वगळायला लावले.

त्या चहाच्या दिवसापासून ती माझ्याशी शुद्ध बोलू लागली. फक्त माझ्याशी. "दादा, आपण जेवलात का?" मी म्हणे, "शेवंते, पुरे कर गो." ती म्हणे, "शिकते आहे. चुकल्यास सांगावे."

दोन वर्षे.

गेल्या महिन्यात मी त्या मुलीला पत्र लिहिले. माझी उत्तरे खोटी, बहिणीची खरी. त्या मुलीचे उत्तर परवा आले. ती पुन्हा येणार आहे, आजींपासून सुरुवात करणार आहे. शेवंती त्याआधीच, मंगळवारी गेली.

आता विचारणार कोणाला? आम्हा सातांना? विचारावे. आता आम्ही खरे सांगू. शेवंतीला त्याचा काय उपयोग?

आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, ही विनंती. माझ्या या जबानीस हजर साक्षीदार: त्या दिवशी माझ्यामागून "मुलगा" म्हणालेले महादेव सुतार व इब्राहिमभाई, आणि शेवंतीची सून सुलभा, जिला तिने शेवटच्या सकाळीही "पाणी दी गो" म्हटले. मी उशाशी उभा होतो. मला म्हणाली, "आपण बसावे."