लिंबावर पेटलेला बल्ब

मोइदू माश : लिहा टीचर, प्रश्न नववा, ‘साइटवरची माहिती पडताळून पाहिली का?’ पुढे ‘होय’. झालं. सही ठोकतो आणि तळलेल्या केळ्यांची पळमपोरी गार व्हायच्या आत कँटीन गाठतो.

प्रसीता टीचर : जाहिराती किती ते लिहिलं, व्हिडिओखाली लोक काय घाण लिहितात ते लिहिलं, एक व्हिडिओ संपला की आपोआप पुढे काय लागतं तेही लिहिलं. पण पडताळून कुणी पाहिलं, माश? या फॉर्मवर विसंबून साठ शाळा ही प्रयोगांच्या व्हिडिओंची साइट वर्गात लावणार आहेत.

मोइदू माश : मी आहे ना. सहा वर्षं फिजिक्सच्या तासाला हीच साइट लावतोय. लिंबात तांब्याची तार आणि खिळा खुपसून टॉर्चचा बल्ब पेटवतात, तो व्हिडिओ तर पोरींना तोंडपाठ आहे. यंदा नववीच्या चाळीस जणींनी स्वतः करून पाहिला. त्या बघा कपाटावर वह्या.

प्रसीता टीचर : पेटलेला तुम्ही पाहिलात?

मोइदू माश : त्या तासाला मला जनगणनेच्या मीटिंगला पिटाळलं होतं. प्रयोग त्यांनी केला, वह्या मी तपासल्या. तुम्ही काय चौकशी लावलीय का माझी?

प्रसीता टीचर : मी काल घरी करून पाहिला. नाही पेटला. म्हटलं, मी पडले मल्याळम शिकवणारी, माझंच काहीतरी चुकत असेल. हे घ्या लिंबू, ही तार, हा खिळा, हा बल्ब. तुम्ही जोडा.

मोइदू माश : आणा इकडे. आता बघा हं... बल्ब गेलाय तुमचा.

प्रसीता टीचर : सेलवर लावून बघा.

मोइदू माश : सेलवर लागतोय की. मग लिंबू सुकं असणार.

प्रसीता टीचर : कँटीनमध्ये सुलेमानी चहात पिळायला आणतात त्यातलं आहे, आज सकाळचं. ही आणखी दोन घ्या.

मोइदू माश : थांबा जरा. खिळा खोल घालतो. तार घासतो... नाही. तिन्हींवर नाही.

प्रसीता टीचर : आता साइटवरचा तो व्हिडिओ अगदी हळू लावते. त्यातल्या माणसाच्या हातांकडे नका बघू, टेबलावरच्या कापडाकडे बघा. हे इथे.

मोइदू माश : ही दुसरी तार कसली?

प्रसीता टीचर : कापडाखालून आलेली.

मोइदू माश : खाली सेल लपवलाय त्याने. टीचर, सहा वर्षं. सहा वर्षं मी हे पोरींपुढे लावत आलोय. पण मग पोरींचा बल्ब पेटला कसा?

प्रसीता टीचर : काढा वह्या.

मोइदू माश : ‘बल्ब पेटला.’ ‘बल्ब पेटला.’ ‘बल्ब मंद पिवळा पेटला.’ या बाईने तर ‘डोळे दिपले’ लिहिलंय. आणि मी प्रत्येकीला दहापैकी दहा देत सुटलोय. चाळीसच्या चाळीस जणी?

प्रसीता टीचर : एकोणचाळीस. ही रिंशाची वही. ‘बल्ब पेटला नाही. लिंबू बदलले. तार घासली. तरी पेटला नाही.’ दहापैकी शून्य. खाली लाल शाईत तुमचा शेरा आहे.

मोइदू माश : काय लिहिलंय मी?

प्रसीता टीचर : ‘नीट बघावे. बाकी सर्वांना दिसला.’

मोइदू माश : हे माझंच अक्षर आहे.

प्रसीता टीचर : त्याच आठवड्यात विज्ञान मेळाव्याच्या यादीतून तिचं नाव तुम्ही काढलंत.

मोइदू माश : लक्ष नसतं म्हणून काढलं. अख्ख्या वर्गात लक्ष होतं ते एकट्या तिचंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, टीचर. पुढच्या प्रयोगांत किती मार्क आहेत तिला?

प्रसीता टीचर : सगळीकडे दहा.

मोइदू माश : चला, निदान सावरली पोर.

प्रसीता टीचर : हा पाणी उकळायचा प्रयोग वाचा. ‘पारा शंभरावर गेला.’ आणि तारीख बघा. त्या दिवशी स्पिरिट संपलं होतं, दिवा लागलाच नव्हता. तुम्हीच इथे बसून दिवसभर कटकट करत होतात.

मोइदू माश : म्हणजे आता तीसुद्धा.

प्रसीता टीचर : तीसुद्धा.

मोइदू माश : हे तिला मी शिकवलं. एका शेऱ्यात शिकवलं. तो फॉर्म द्या, नवव्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितो. मेळाव्याच्या यादीत तिचं नाव आजच्या आज घालतो. पण आधी तिला बोलवा, तिची माफी मागायची आहे.

(थोड्या वेळाने रिंशा दारात येते.)

मोइदू माश : ये मोळे, ये पोरी, आत ये. घाबरू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. हे लिंबू, हा खिळा, ही तार. मी बल्ब जोडतोय. नीट बघ आणि मला सांग, पेटला का?

प्रसीता टीचर : बोल ग. तुला जे दिसतंय तेच सांगायचं.

रिंशा : बाकीच्यांना दिसला का, माश?