मुक्या आत्म्याची हकालपट्टी

यमुताई : हळू ये वं सुमती, धाडकन दार नको लावू. आताच हाकलला त्याले. वाटेत भेटला असंल तुले.

सुमती : कोण?

यमुताई : कोण म्हणजे? मुका आत्मा. तुझ्या रिबकेच्या अंगातला.

सुमती : वाटेत जरीपटक्याकडे जाणारी एक सायकलरिक्षा तेवढी आडवी आली. तिच्यात बसून गेला असेल तर माझं लक्ष नव्हतं. आई, हे काय? मी मेडिकलच्या दवाखान्यात जाऊन येईपर्यंत दोन तास झाले फक्त!

प्रेमलता : मी काय करू, सुमती? यमुताई बायांना घेऊनच आल्या. चर्चच्या मंडळीतली माणसं दारात आल्यावर त्यांना परत पाठवू? उपास होता म्हणून खायला काही दिलं नाही. चहा तेवढा केला.

सुमती : उपासाला चहा चालतो?

यमुताई : घसा ओला लागते. सैतानाशी लढणं म्हणजे काय रेडिओ ऐकणं आहे का?

सुमती : नाही, रेडिओला बटण असतं.

यमुताई : हस. शिकलेल्या बाईले हसू लवकर येते. अडीच वर्षांची झाली पोरगी अन् अजून ‘आई’ म्हणत नाही. बायबलात मार्क नऊ काढून वाच, मुका आत्मा काय करते ते.

सुमती : वाचलाय. त्यातला मुलगा आगीत पडतो, पाण्यात पडतो, तोंडाला फेस आणतो. आमची ही फक्त डबे रचते. इतका टापटिपीचा आत्मा असेल तर चार दिवस राहू द्या, माझं स्वयंपाकघर लागेल.

प्रेमलता : सुमती, मोठ्यांशी असं बोलतात का?

सुमती : चुकलं, आई.

यमुताई : बोलू दे तिले. तो जाता जाता असाच कोणाच्या तरी तोंडून बोलते. पण तो शिरला कुठून, ते दार पाहा लागते आधी. दिवाळीत तू शेजारच्या प्रयागबाईकडला चिवडा खाल्ला होता की नाही?

सुमती : तुम्हीही खाल्लात. दोनदा मागून घेतलात.

यमुताई : मी प्रार्थना करून खाल्ला.

सुमती : म्हणजे नेमका माझ्याच वाटीतल्या शेंगदाण्यात तो दबा धरून बसला होता.

यमुताई : प्रेमलता, ऐकून राहिली ना तुझ्या सुनेचं?

प्रेमलता : ऐकते आहे. सुमती, मेडिकलमध्ये काय झालं ते तरी सांग.

सुमती : नंबर मिळाला. कानाचे मोठे डॉक्टर रिबकेला गुरुवारी सकाळी नऊला तपासणार आहेत.

यमुताई : गुरुवारी? या गुरुवारी तर आपला एकवीस दिवसांचा उपास सुटते! नऊ वाजताच पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर रिबकेवर हात ठेवणार हायेत. उमरेडवरून बाया येऊन राहिल्या एसटीनं.

सुमती : त्यांना वरणभात खाऊ घालून पाठवा. रिबका नऊला मेडिकलमध्ये असेल. हा नंबर चुकला तर पुढचा पावसाळ्यानंतर.

यमुताई : मग पावसाळ्यानंतर जाय. एकवीस दिवस देवाले हाक मारायची अन् तो उत्तर देऊन राहिला तेव्हाच डॉक्टरच्या दारात उभं राहायचं? त्याले काय सांगू मी? बापा, तुझ्यावर भरवसा हाये, पण नंबर लावून ठेवला? अन् मी तुझ्या नवऱ्याले, विश्वनाथले विचारलं हाये. तो हो म्हणाला.

सुमती : तुमचा विश्वनाथ रेल्वेत गार्ड आहे, यमुताई. दिवसभर हिरवा झेंडा दाखवण्याचाच पगार घेतो. त्याला काहीही विचारा, हो म्हणेल.

प्रेमलता : सुमती, मला वाटतं, एकदा मंडळीचं होऊन जाऊ दे. लोक काय म्हणतील? मग नेऊ तिला.

सुमती : तुम्हीसुद्धा, आई? बरं. मग मला शिकवून तरी ठेवा. पावसाळ्यात परत आला तर घरच्या घरी काढता येईल. कसा हाकललात?

यमुताई : थट्टा करून राहिली, तरी सांगते. तुझ्याही कानावर पडू दे. आधी गीतं म्हटली. तो हलेना. मग आमच्यातल्या गोपिकेनं झांजा काढल्या.

सुमती : चर्चमधल्या मोठ्या झांजा?

यमुताई : मग काय घुंगरू? ती झांजा वाजवून राहिली, अन् आम्ही तिघी पायावर उभ्या. येशूच्या नावानं निघ! अशी गर्जना केली मी, का पलीकडून चंपतराव धावत आले. कोण वारलं म्हणून विचारून राहिले!

प्रेमलता : प्रयागबाईंचा नातू झोपला होता, तो किंचाळत उठला. अजून रडतो आहे, ऐक.

सुमती : ऐकलं. यावं तर सैतानानं अशा घरी यावं. निघताना बँड लागतो.

यमुताई : हस हस. पण तुझ्या लेकराचं पाहिलं असतं तर बोलती बंद झाली असती तुझी. सगळा मोहल्ला हालून राहिला अन् हे लेकरू आमच्याकडे पाठ करून डब्यावर डबा ठेवून राहिलं. जरा मान वळवली नाही. तेव्हाच मले साक्ष पटली, का देवाची शांती उतरली तिच्यावर.

सुमती : किती लांब बसली होती?

यमुताई : लांब कायले? ही इथं. माझ्या पायाशी.

सुमती : आणि गोपिकाबाई?

यमुताई : तिच्या मागंच. हात पुढं केला असता तर झांज डोक्याले लागली असती.

सुमती : दचकली नाही?

यमुताई : नाव नको. चार बाया, झांजा, माझा आवाज. दुसरं लेकरू घाबरून मेलं असतं. अन् ही…

सुमती : ही काय?

यमुताई : तू काहून अशी पाहून राहिली माझ्याकडे?

सुमती : बोला ना, यमुताई. शेजारचं पोर भिंतीपलीकडून उठलं. आणि ही तुमच्या पायाशी बसून…

प्रेमलता : अगं बाई. देवा.

सुमती : दोन महिने मी तिच्या मागे उभी राहून ताट वाजवते आहे, आई. तुम्ही चक्कीवर दळायला गेलात की, तेव्हा. कधी ती वळायची, मला वाटायचं ऐकू आलं. मग कळायचं, माझी सावली पुढे पडली होती. तरी मन म्हणायचं, खेळात गुंग असेल, तुलाच वेड लागलंय. आता यांनी चौघींनी मिळून दाखवून दिलं.

यमुताई : असं नको बोलू वं.

सुमती : टोमणा नाही मारत. खरंच.

यमुताई : मागच्या साली गोवर आला होता तिले. ताप उतरत नव्हता. तेव्हा डॉक्टर नको, प्रार्थना करू म्हणून मीच बसली होती उशाशी. तीन दिवस.

सुमती : तुम्ही म्हणालात, आणि मी ऐकलं. बी.एस्सी. झालेली मी, तुमच्या शेजारीच गुडघे टेकून होते. त्या तापानं झालं की जन्मापासूनच होतं, मला माहीत नाही. गुरुवारी तेही विचारणार आहे.

(यमुताई उठून रिबकेच्या मागे जातात आणि टाळी वाजवतात. एकदा. मग जवळ वाकून पुन्हा.)

यमुताई : रिबका. ए रिबका. माय माझी.

प्रेमलता : पुरे करा, यमुताई. बघवत नाही.

यमुताई : इतके दिवस मी हिच्यातल्या कोणाले तरी निघ, निघ म्हणून राहिली, प्रेमलता. अन् आत हेच लेकरू होतं. एकटं.

प्रेमलता : सुमती, गुरुवारी आठलाच निघू. विश्वनाथला मी सांगते. लोकांचं मी बघते.

यमुताई : लोकांचं तू काहून पाहशील? उभी राहून मीच सांगीन मंडळीत. पाळकसाहेबांलेही मीच सांगीन. पण सुमती, मग मी आता प्रार्थना बंद करू काय? तेवढं सांग मले.

सुमती : बंद नका करू. गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसा. देवाकडे काय मागायचं, तेच मला कळेनासं झालंय.