छातीतला 'कट्'

हसू नका रे, पण सहा महिने मी छातीत आवाज घेऊन फिरत होतो. सकाळी आळस देताना खांदे मागे नेले की बरगड्यांतून 'कट्'! दुखत काहीच नव्हतं. पण आमचे वडील हार्टनेच गेले, त्यामुळे मी घाबरून बायकोला मोबाईलच्या पासवर्डसकट सगळं सांगून ठेवलं. ती म्हणाली, "कुठं निघालास?"

आम्ही सूस गावात भाड्यानं राहतो. एकदा तिथं घरमालकीणकाकूंच्या अंगणात आळस दिला. तांदूळ निवडता निवडता काकूंनी मान वर केली. "काय मोडलं वो?"

"माझी छाती."

मग काय, त्यांनी मला तसंच डॉक्टरांकडे पिटाळलं. ईसीजी, एक्स-रे, सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, "बरगडीचा सांधा वाजतोय. बोटं मोडल्यावर वाजतात ना, तसंच. का वाजतो ते नक्की सांगता येणार नाही, पण हृदय ठणठणीत आहे."

इतकं हलकं वाटलं की घरात शिरायच्या आधी काकूंनाच सांगितलं. आता या काकू रोज आमच्या पोरीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडतात. जेवढी जोरात वाजतील तेवढी दृष्ट निघाली, असा त्यांचा हिशोब.

"बोटं मोडल्यावानीच वाजतंय म्हणला डाक्टर?"

"हो."

"मग भ्येता कशापायी? तुमची छाती सवताच सवताची दृष्ट काढतीया. वाजू द्या की!"

आता एखाद्या सकाळी आवाज आला नाही, तर बायकोच म्हणते, "परत एकदा आळस दे बघू."