मजुरीचा खर्च मंजूर

पुरवणी जबाब. नाव चिंतामणी वामन हर्षे, वय एक्केचाळीस, धंदा फौजेला कापडी सामान पुरवण्याचा ठेका, राहणार राइट टाउन, जबलपूर. नोव्हेंबर १९४३.

मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझा पहिला जबाब इस्पितळात घेतला तेव्हा मला गुंगीचे औषध दिले होते. आज शुद्धीत सांगत आहे. मला हिंदी येते, पण ठाण्याचे मुन्शी अच्युतराव मराठी जाणतात, म्हणून मराठीत सांगितले.

लढाई सुरू झाल्यापासून मी शिपायांच्या पाण्याच्या बाटल्यांवरच्या खाकी खोळी पुरवतो. माझा स्वतःचा कारखाना नाही. कापड मी देतो आणि शिलाई पोटठेक्याने करून घेतो. माझ्या मालापैकी निम्म्याहून जास्त माल घमापूरच्या सौ. इंदू भाऊराव मुळे पुरवतात. त्या स्वतः शिवतात, गल्लीतल्या बायकांकडून शिवून घेतात आणि त्यांची मजुरी चुकती करतात. त्यांचा माल आजवर एकदाही परत आलेला नाही. त्यांचे पती भाऊराव मुळे सरकारी कारखान्यात कारकून आहेत. लढाईमुळे त्यांना बारा तासांची पाळी असते. शिलाईची मशीन शेजारी विनताबाईंच्या ओसरीत असे. त्यामुळे भाऊरावांना या कामाची माहिती नव्हती.

एवढ्या महागाईत आपल्या पगारात घर कसे भागते, हे भाऊराव सगळ्यांना सांगत. गेल्या गणेशोत्सवात त्यांनी काटकसरीवर भाषण दिले. मी ऐकायला होतो. इंदूबाईही होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

यंदा इन्कम टॅक्सच्या विवरणात मी सगळी कमाई दाखवली आणि पोटठेकेदारांना दिलेली रक्कम खर्चात दाखवली. टॅक्सच्या साहेबांनी ती मान्य केली नाही. ते म्हणाले, "सब ठेकेदार औरतों के नाम लिख देते हैं. ये इंदूबाई हैं भी, या आपने पैदा कर लीं?" त्या आहेत असे मी सांगितले. पत्ता दिल्याशिवाय खर्च धरणार नाही, दिलेली मजुरीही माझीच कमाई समजू, असे ते म्हणाले. तेवढा कर भरला असता तर माझा धंदा बुडाला असता.

मी पत्ता लगेच दिला नाही. आधी विनताबाईंच्या ओसरीत जाऊन इंदूबाईंना विचारले. त्यांनी मशीन थांबवली नाही. म्हणाल्या, "द्या ना पत्ता. खऱ्या गोष्टीले काहून भ्यायचं?" मी म्हणालो, भाऊरावांना कळेल. त्या म्हणाल्या, "चलो, बरंच होईल. मी तरी किती दिवस टाळ्या वाजवू?"

मग रविवारी सकाळी टॅक्सचे इन्स्पेक्टर मला ओळख पटवण्यासाठी सोबत घेऊन मुळ्यांच्या घरी गेले. भाऊराव सुटीवर घरीच होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. इन्स्पेक्टरांनी विचारले, "श्रीमती इंदू मुळे, ठेकेदार, यहीं रहती हैं?" भाऊराव हसले. म्हणाले, "इंदू मेरी पत्नी है, साहब. वो तो कुछ नहीं करतीं."

इंदूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "करती हूँ."

इन्स्पेक्टरांनी त्यांचा जबाब घेतला. वर्षभरात काय माल दिला, काय मिळाले, बायकांना किती मजुरी दिली, ते त्यांनी तोंडी सांगितले. शेवटी इन्स्पेक्टर भाऊरावांकडे पाहून म्हणाले, "आपसे तो इनकी कमाई ज़्यादा है, बाबूजी." हे म्हणण्याची सरकारी गरज नव्हती, असे माझे मत आहे.

भाऊराव मला म्हणाले, "माझ्या बायकोचं नाव तुझ्या हिशेबात काहून आलं?" मी उत्तर देण्याआधीच त्यांनी दाराचा अडसर उचलून माझ्या उजव्या हातावर मारला. मी खाली पडलो. इन्स्पेक्टरांनी आपले लिहिणे पूर्ण केले आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, "हर्षेजी, आपका खर्च मंज़ूर है." मग ते टांगा आणायला गेले. तोवर इंदूबाईंनी खाकी कापडाची पट्टी फाडून माझा हात गळ्यात बांधला. ती पट्टी डॉक्टरांनी सोडली. ती मी ठेवली आहे.

विचारल्यावरून सांगतो की, मी अविवाहित आहे. इंदूबाईंशी माझे बोलणे मालापुरतेच आहे. याहून अधिक काही सांगायचे नाही.

हाड मोडल्याचा दाखला आल्यावर आज भाऊरावांना ठाण्यात आणले. मीही जबाबासाठी हजर होतो. ठाणेदारसाहेबांनी ऐपतदार जामीन मागितला. भाऊरावांच्या कारखान्यातले बाबाराव जामीन राहायला आले होते, पण कर्जामुळे त्यांचा पगार कापला जात असल्याने साहेबांनी त्यांना नाकारले. तेव्हा इंदूबाई पुढे आल्या. त्यांनी काल टॅक्स भरल्याचे चलान टेबलावर ठेवले. साहेबांनी ते उजेडात धरून पाहिले आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. भाऊराव उभे होते.

भाऊराव हळूच म्हणाले, "मला सांगायचं तरी होतं."

इंदूबाई म्हणाल्या, "कधी सांगू? तुम्ही तर लोकांले काटकसर शिकवून राहिले होते."

साहेबांनी अटी वाचल्या. आरोपीने जामीनदाराच्या पत्त्यावर राहावे, हातापायी करू नये, जामीनदार आणील तेव्हा हजर व्हावे. भाऊरावांनी सही केली. इंदूबाईंनी जामीनदार म्हणून त्या सहीच्या वरच्या ओळीत केली.

माणुसकी म्हणून तक्रार मागे घेण्याची माझी तयारी होती. मी तसे बोललोही. इंदूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "इतक्यात नका घेऊ, भैया. तक्रार गेली तर जामीनही जाईल, अन् त्या अटीही."

म्हणून मी तक्रार मागे घेत नाही.

हा मजकूर मुन्शींनी मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, कमीजास्त नाही. मला सही येते, परंतु उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताचा अंगठा उमटवला आहे.